गोचीड शोधायला दुसऱ्याचे डोळे हवेत

डास चावला की हात आपोआप तिकडे जातो. मुंगी डसली की आपण कळवळतो. गोचीड चावल्याचे मात्र बहुधा कळतही नाही. रक्त पिताना तो आपली लाळ त्वचेत सोडतो आणि त्या लाळेत वेदना दाबणारी द्रव्ये असतात. त्यामुळे हा जीव अंगाला काही दिवसही निमूटपणे चिकटून राहू शकतो. धडधाकट माणसाला निदान आंघोळीच्या वेळी तो हाताला लागतो. परंतु ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांना वाकून पायाची बोटे पाहता येत नाहीत किंवा मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना बोथट झाली आहे, अशा ज्येष्ठांना तो सापडणे कठीण असते. गोचिडापासूनच्या संरक्षणात औषधांइतकेच महत्त्व आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नजरेला.

तो असतो कुठे?

गोचीड हा कोळ्याच्या कुळातला जीव. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या फांदीवर चढून, पुढचे पाय पसरून तो वाट पाहत बसतो. श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि शरीराची ऊब यांवरून त्याला सावजाची चाहूल लागते. जवळून जाणाऱ्या गाईच्या, कुत्र्याच्या अथवा माणसाच्या अंगावर तो चढतो आणि त्वचा नाजूक असेल अशी जागा शोधतो.

त्याच्यासाठी घनदाट अरण्यच लागते असे नाही. गोठा, गवताची गंजी, परसातला पालापाचोळा, काजूची बाग, सोसायटीच्या उद्यानातील न कापलेले गवत, या साऱ्या त्याच्या जागा आहेत. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड तर घरातही राहतो. कुत्र्याच्या अंथरुणात, भिंतीच्या भेगांत, पलंगाच्या सांध्यांत तो लपतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या पायथ्याशी घरचा कुत्रा झोपत असेल, तर ती व्यक्ती घराबाहेर न पडताही तिला गोचीड चावू शकतो.

कोणते आजार संभवतात?

प्रत्येक गोचीड रोग पसरवीत नाही. तरीही दोन आजार महाराष्ट्रातील व गोव्यातील कुटुंबांना ठाऊक असायला हवेत.

पहिला माकडताप. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. त्यामागचा विषाणू शोधला तो पुण्याच्या संस्थेने, जी आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुढे हा आजार गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ मध्ये आढळला. त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूच्या हंगामाचा. अचानक चढणारा ताप, कपाळाचे तीव्र दुखणे, अंग मोडून येणे, उलट्या आणि काही रुग्णांत रक्तस्राव अशी त्याची लक्षणे. काहींना ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि मेंदूवर परिणाम होतो. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावू शकतात. विषाणूवर नेमके औषध नाही. पण वेळीच रुग्णालयात दाखल केल्यास योग्य देखभालीने बहुतेक रुग्ण बरे होतात. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकू नये.

दुसरा इंडियन टिक टायफस. हा जिवाणूंमुळे होतो आणि कुत्र्यांवरील गोचीड त्याचा प्रसार करतो. नाव सारखे वाटले तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. ताप, डोकेदुखी आणि काही दिवसांनी उठणारे पुरळ ही त्याची लक्षणे. हे पुरळ अनेकदा तळहात व तळपायांवरही दिसते. यावर डॉक्सिसायक्लीनसारखे परिणामकारक औषध आहे, मात्र ते लवकर सुरू व्हावे लागते.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनीही सावध असावे. तेथील ईशान्येकडील राज्यांत उन्हाळ्यात बागेतून किंवा रानवाटेवरून फिरताना चावलेल्या गोचिडामुळे लाइम रोग होऊ शकतो. चाव्याभोवती पसरत जाणारा लाल डाग ही त्याची खूण. तो महिनाभरात केव्हाही उमटू शकतो.

बाहेर जाताना

पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा पोशाख घाला. फिकट कापडावर गोचीड चटकन दिसतो. विजारीचे पाय मोज्यांत खोचा. चालताना पायवाटेच्या मधून चाला आणि गवतावर टेकायचे असल्यास खाली जाड कापड अंथरा. कीटक दूर ठेवणारे मलम उघड्या त्वचेवर लावावे. डोळे, जखमा आणि सुरकुतलेली चिरलेली त्वचा टाळावी आणि घरी आल्यावर ते धुऊन टाकावे. माकडतापाच्या पट्ट्यात जंगलातला पातेरा गोठ्यात आणू नये. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे, कारण मृत माकडाच्या अंगावरून गोचीड खाली उतरून आसपास पसरतात.

घरच्या कुत्र्यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्यानेच औषध वापरा. कुत्र्याची काही औषधे मांजराला विषारी ठरतात.

घरी आल्यावरची दहा मिनिटे

कपडे गरम पाण्यात भिजवावेत, साबणाने आंघोळ करावी आणि मग चांगल्या उजेडात अंग तपासावे. केसांची मुळे, कानामागची जागा, काख, स्तनांखालची घडी, बेंबी, परकराची नाडी किंवा करगोटा बसतो ती कंबरेची रेघ, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, पायाच्या बोटांमधील बेचके, या जागा चुकवू नयेत. ज्येष्ठांच्या अंगावर तीळ आणि चामखिळी असतातच, त्यामुळे कालपर्यंत नसलेला ‘तीळ’ दिसला तर भिंग घेऊन पाहा. त्याला पाय असतील! जुने तीळ कुठे आहेत हे काळजी घेणाऱ्याला ठाऊक असले की हे काम सोपे होते.

अंग दाखवताना आजी-आजोबांना संकोच वाटतो. त्यांना न विचारता कपडे बाजूला करू नका. गुह्य भाग त्यांनी स्वतः बोटांनी चाचपावा किंवा आरशात पाहावा. पाठ, मान आणि पावले आपण पाहावीत.

गोचीड काढायचा कसा?

रॉकेल, तेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यांपैकी काहीही लावू नका. चिडलेला गोचीड अधिक लाळ त्वचेत सोडण्याची शक्यता असते. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला त्वचेच्या अगदी लगत धरावे आणि न पिळता, न झटकता, सरळ वर सावकाश ओढावे. चिमटा नसेल तर बोटांवर प्लास्टिकची पिशवी चढवावी. नखाने चिरडू नये. तोंडाचा तुकडा आत राहिला तर तो कोरत बसू नये. जागा व हात साबणाने धुवावेत. काढलेला गोचीड झाकणबंद बाटलीत ठेवावा आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेपुढे ‘गोचीड’ असे लिहून ठेवावे.

ताप आला तर

ही नोंद पुढील दोन-तीन आठवडे मोलाची आहे. ज्येष्ठांना संसर्गातही ताप कमीच चढतो, कधी चढतही नाही. त्याऐवजी ते अचानक गुंगीत जातात, बरळतात, जेवण टाकतात. हे वयाचे लक्षण समजून थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर ‘ताप आहे’ एवढेच न सांगता, कुठे गेलो होतो, कोणत्या दिवशी गोचीड निघाला, घरी कुत्रा किंवा गुरे आहेत का, हे आपणहून सांगा. आम्हा डॉक्टरांना तापाची शंभर कारणे दिसत असतात. तुमच्या एका वाक्याने ती दोन-चारांवर येतात. तोवर पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण काहींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आपल्या मनाने थांबवूही नये. डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

गोचिडाच्या भीतीने फिरायला जाणे सोडू नका. सकाळची मोकळी हवा आणि चालणे यांची ज्येष्ठांना नितांत गरज आहे. फक्त परतल्यावर कुणीतरी म्हणावे, “बाबा, जरा उजेडात या, पाठ पाहू द्या.” घरी कुणी नसेल तर शेजाऱ्यांना हाक मारावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.