पाहुणा कलावंत आणि यजमान शाळा

मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयास, त्याच्या उपयोजित कला व वास्तुशास्त्र या भावंडांसह, ऑक्टोबर २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या आयुष्यातील ही मोठीच घटना होय. स्वायत्ततेची चर्चा सुरू झाली की ती बहुधा शुल्क आणि अनुदान या दोन खुंट्यांभोवती फिरत राहते. त्या खुंट्या भक्कम आहेत, यात शंका नाही. तथापि वरवर किरकोळ भासणाऱ्या आणखी एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ती म्हणजे बाहेरून येणाऱ्या कलावंतांची व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि त्यानिमित्ताने होणारे कार्यक्रम.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने चित्रशाळेत नाक का खुपसावे, असा प्रश्न कोणी विचारील. केन्सने १९१८ साली, महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश सरकारला पैसे काढावयास लावून पॅरिसच्या लिलावात राष्ट्रीय चित्रसंग्रहालयासाठी चित्रे घेवविली होती, एवढा दाखला आमच्या जातभाईंना पुरे आहे.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांस पूरक वस्तू आणि पर्यायी वस्तू यांतील भेद शिकविला जातो. चहाला साखर ही पूरक. चहाला कॉफी हा पर्याय. पाहुणा कलावंत हा कायम अध्यापकाला पूरक आहे की पर्याय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कलाविद्यापीठाच्या पहिल्या अंदाजपत्रकातच मिळते. महाराष्ट्रातील शासकीय कलाशिक्षणात अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर आणि कंत्राटावर गाडा हाकण्यात आला, हे सर्वविदित आहे. रिकाम्या पदाचे वेतन वाचते. त्या वाचलेल्या रकमेच्या एका लहानशा अंशात वर्षभर नामवंतांची भाषणे ठेवता येतात आणि माहितीपुस्तिकेत त्यांची छायाचित्रेही झळकविता येतात. हिशेब तपासणाऱ्यास हा व्यवहार फायद्याचा दिसेल. विद्यार्थ्याच्या पदरी मात्र साखरेची पुडी तेवढी पडते. चहाचा पत्ता नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना औपचारिक पदव्यांची अट न घालता प्राध्यापक म्हणून नेमण्याची मुभा दिली. कलाशिक्षणाच्या दृष्टीने ही तरतूद स्वागतार्ह आहे, कारण थोर चित्रकाराकडे पदव्युत्तर पदवी असेलच असे नाही. परंतु अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात, त्या मंजूर पदांव्यतिरिक्त असाव्यात आणि नियमित भरतीवर त्यांचा परिणाम होऊ नये, असेही त्याच मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मुभा तेवढी उचलावयाची आणि मर्यादा विसरावयाची, हा आपल्या प्रशासनाचा जुना परिपाठ आहे.

आता पाहुणा आल्यावर होते काय, ते पाहू. आपल्या महाविद्यालयांतून अशा प्रसंगाचा एक ठरीव साचा झाला आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचयाचे लांबलचक भाषण, पाहुण्याच्या चाळीस वर्षांच्या कामाची पडद्यावर भराभर सरकणारी चित्रे, ‘कोणाला काही विचारावयाचे आहे काय’ असा प्रश्न, त्यानंतरची शांतता, आणि आभार. ही शांतता विद्यार्थ्यांच्या मठ्ठपणाची नसते. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा देऊन कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या मुलाला पाहुण्याचे इंग्रजी समजते. पण त्या भाषेत, भरल्या सभागृहात, स्वतःची शंका मांडण्याइतकी ती त्याच्या जिभेवर रुळलेली नसते. शिवाय पडद्यावर त्याने पाहिलेली चित्रे पूर्ण झालेली असतात. पूर्ण झालेल्या चित्राला विद्यार्थी काय विचारणार?

आपल्याकडील प्रात्यक्षिकाची परंपरा म्हणूनच अधिक मोलाची वाटते. समोर बसविलेल्या व्यक्तीचे चित्र चारचौघांदेखत रंगविणारा चित्रकार आपली फजितीही चारचौघांदेखत होऊ देतो. नाकाची रेषा चुकते, तो ती पुसतो. गालावरचा रंग मळतो, तो खरडून काढतो. मध्येच दहा पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून नुसता पाहत राहतो. ही दहा पावले कोणत्याही व्याख्यानात सांगता येत नाहीत. मागच्या रांगेतील मुलगाही त्या वेळी मान उंचावून पाहत असतो आणि ‘तुम्ही तो निळा का पुसला?’ हा प्रश्न त्याला मराठीत सहज सुचतो.

शांतिनिकेतनच्या कलाभवनाने याहून पुढचे पाऊल फार पूर्वीच टाकले होते. १९१९ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत स्टेला क्रॅमरिश यांच्यासारख्या विदुषीची व्याख्याने झाली, त्याचप्रमाणे नंदलाल बोस यांनी १९२७ च्या सुमारास जयपूरहून नरसिंगलाल या कारागिरालाही बोलावून घेतले. ओल्या चुन्यावर रंग भरून तो घोटून काढण्याची जयपुरी पद्धत त्याने तेथील भिंतींवर करून दाखविली आणि विद्यार्थी त्याच्यासोबत राबले. विदुषी आणि मिस्त्री या दोघांनाही पाहुणा मानणारी ती शाळा होती. आपल्या कलाविद्यापीठांच्या निमंत्रितांच्या याद्यांत एखाद्या वारली चित्रकर्तीचे किंवा पैठणच्या विणकराचे नाव किती वेळा येते? आणि आलेच तर ते मानधनाच्या त्याच दराने येते काय?

या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग विसरता कामा नये. नरसिंगलाल आला तेव्हा त्याच्याकडून काय शिकून घ्यावयाचे आहे हे जाणणारे नंदलाल तेथे ठाण मांडून होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला विभाग सुरू झाला, तेव्हा ना. श्री. बेंद्रे व शंखो चौधुरी हे स्वतः काम करणारे कलावंत पूर्णवेळ अध्यापक म्हणून तेथे राहिले. घर भरलेले होते, म्हणून पाहुण्याला अर्थ होता. ‘आमचे अध्यापक स्वतः चित्रे काढीत नाहीत, मग बाहेरच्यांना बोलावण्यावाचून गत्यंतर काय?’ असे म्हणणारे भेटतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण चित्रे काढणाऱ्यांना अध्यापक नेमावे आणि नेमलेल्यांना चित्रे काढण्यास सवड द्यावी, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष होय. अध्यापकाचा निम्मा दिवस माहितीचे तक्ते भरण्यात घालवावयाचा आणि मग त्याच्या हाती कुंचला नाही म्हणून हळहळावयाचे, हे न्याय्य नव्हे.

तेव्हा वर्षाला वीस भाषणांऐवजी चारच कलावंत बोलवावेत, पण प्रत्येकाला पंधरा दिवस ठेवून घ्यावे. राहण्याची सोय करावी, काम करण्यास खोली द्यावी, आणि विद्यार्थ्यांची अर्धीमुर्धी चित्रे त्यांच्यापुढे मांडावीत. खर्च वाढेल. तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून काढू नये. शासनाने यासाठी वेगळा निधी ठेवावा आणि त्यातील पैसा वेतनाच्या शीर्षाखाली वा वेतनातला पैसा त्याखाली वळविता येणार नाही अशी तरतूद करावी.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कार्यक्रमास सार्वजनिक दारही असावे. एका श्रोत्याने ऐकल्याने दुसऱ्याचे ऐकणे कमी होत नाही. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतील तोवर जादा श्रोत्याचा खर्च शून्य असतो. जे. जे.चे आवार दादाभाई नौरोजी मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोटातील कचेऱ्या सुटल्यावर हजारो कारकून त्याच बाजूने गाडी पकडावयास निघतात. भाषण दुपारी तीनऐवजी सायंकाळी सहाला ठेवावे आणि त्याची सूचना फाटकाबाहेर, मराठीत लावावी.