चुकलेल्या गणिताचे अर्धे गुण

आज २२ डिसेंबर, श्रीनिवास रामानुजन यांची जयंती. २०१२ पासून हा दिवस राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून तक्ते लागतील, सूत्रांच्या रांगोळ्या निघतील, १७२९ या संख्येची गोष्ट पुन्हा सांगितली जाईल. एक गोष्ट मात्र या कार्यक्रमांत क्वचितच ऐकू येते. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी मद्रासहून केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र धाडले, त्यातली मूळ संख्यांविषयीची काही विधाने चुकीची होती. हार्डींनी ती चूक ओळखली, पण पत्र बाजूला सारले नाही. सिद्धता मागवल्या, पत्रव्यवहार चालू ठेवला, आणि १९१४ मध्ये रामानुजन केंब्रिजला पोहोचले.

आपल्या वर्गात चुकलेल्या गणिताच्या वाट्याला असा पत्रव्यवहार येत नाही. सहामाहीचे पेपर दिवाळीनंतर हातात पडतात. मुले आधी गुणांची बेरीज तपासतात, कुठे अर्धा गुण द्यायचा राहिला असेल तर बाईंच्या टेबलाशी गर्दी करतात, घरी पालकांची सही होते आणि पेपर शाळेत जमा होतो. तोवर फळ्यावर पुढचे प्रकरण सुरू झालेले असते.

आठवीतला एखादा मुलगा ५x − ३(x − ४) ही राशी सोडवताना ५x − ३x − १२ असे लिहितो. तपासणारा उणे चिन्हाभोवती लाल गोल करतो, गुण कापतो, पुढच्या उत्तराकडे वळतो. पण या एका चिन्हामागे दोन अगदी वेगळी मुले असू शकतात. एकाला नियम ठाऊक आहे, घाईत हात चुकला. दुसऱ्याची खरोखरच समजूत आहे की उणे तीनने फक्त संख्येला गुणायचे, तिच्यामागच्या चिन्हाशी त्याचा काही संबंध नाही. लाल गोल दोघांनाही सारखाच. पहिल्याला तो पुरतो. दुसरा तीच समजूत घेऊन दहावीत जातो, आणि तिथे बीजगणिताचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे असते. एका समीकरणातून दुसरे वजा करताना प्रत्येक चिन्ह बदलावे लागते. मग घरात निदान होते, ‘याला गणित जमतच नाही.’

अमेरिकेतल्या अनेक शाळांत यावर एक साधी रीत आहे. तपासलेला पेपर परत मिळाला की विद्यार्थ्याने चुकलेली गणिते नव्याने सोडवायची आणि प्रत्येकाखाली आपण काय केले होते, ते का चुकले, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचे. हे नीट केले तर गेलेल्या गुणांपैकी काही, बहुधा निम्मे, परत मिळतात. यातला खरा जीव त्या ‘का’मध्ये आहे. नुसते बरोबर उत्तर शेजारच्याच्या वहीतून उतरवता येते. ‘कंसाबाहेर उणे आहे, म्हणून उणे चारला गुणल्यावर अधिक बारा यायला हवे होते’ हे वाक्य लिहायला मात्र स्वतःच्या चुकीसमोर बसावे लागते. आणि गुण परत मिळणार असतील तरच बहुतेक मुले बसतील. यात लाजण्यासारखे काही नाही. गुणांना एवढे महत्त्व मोठ्यांनीच दिले आहे, तर ते शिकण्याच्या कामी का लावू नयेत?

ज्याने पहिल्याच वेळी बरोबर सोडवले त्याच्यावर हा अन्याय नाही का, असा आक्षेप येतो. हिशेब पाहा. २० पैकी १२ मिळवणाऱ्याला सारे दुरुस्त करूनही १६ च मिळतील. २० वाला चार गुणांनी पुढेच राहील. मुले मूळ परीक्षा हलक्यात घेतील ही भीतीही याच निम्म्याने बरीच आटोक्यात राहते. शिवाय पेपरात कोरे सोडलेले गणित दुरुस्तीला धरायचे नाही, असा नियम करता येतो. शिक्षकांवरच्या भाराचा आक्षेप मात्र खरा आहे. साठ मुलांच्या वर्गात सगळ्या दुरुस्त्या वाचणे कोणालाही शक्य नाही. म्हणून प्रत्येकाने दोनच गणिते निवडावीत, आधी जोडीदाराला समजावून सांगावीत, मग एकाच पानावर लिहून द्यावीत. सर्व मुलांकडून सर्व दुरुस्त्या मागितल्या तर महिनाभरात ही रीत मोडेल.

बोर्डाच्या परीक्षेला हे लागू करावे, असे आमचे म्हणणे नाही; तिचे काम वेगळे आहे. पण एक विसंगती बोचते. दहावीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, गुणपडताळणी होते, पुनर्मूल्यांकन होते. परीक्षकाची चूक सुधारण्याची वाट आपण रीतसर बांधली आहे. मुलाची चूक सुधारायची तर पुरवणी परीक्षा, म्हणजे अख्खा पेपर पुन्हा.

गणिताच्या जगात दुरुस्तीला कमी लेखत नाहीत. जून १९९३ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांनी केंब्रिजच्या व्याख्यानांत फर्माच्या अंतिम प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. तपासणीत तिच्यात भगदाड सापडले. वर्षाहून अधिक काळ ते बुजेना. सप्टेंबर १९९४ मध्ये, आपली पद्धत नेमकी का अडते एवढे तरी कळावे म्हणून वाइल्स पुन्हा त्या जागेकडे वळले, आणि त्या अडण्याच्या कारणातच उत्तर दिसले: पूर्वी सोडून दिलेली दुसरी पद्धत या पद्धतीच्या जोडीने चालत होती. त्यांचे माजी विद्यार्थी रिचर्ड टेलर या दुरुस्तीत सोबत होते. १९९५ मध्ये सिद्धता प्रसिद्ध झाली. १९९३ ची चूक दाखवून त्यांचे श्रेय कोणी कापले नाही.

आपल्याकडे यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, वर्गकार्य ही साधने आधीपासून आहेत. दुरुस्तीचे एक पान त्यांत सहज बसते. जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी घटक चाचणी होईल. मुख्याध्यापकांनी एका इयत्तेत, एका प्रकरणापुरते हे करून पाहावे, आणि नियम मुलांना चाचणीच्या आधी सांगावा. पेपर हातात आल्यावर मुलांनी टेबलाकडे धावण्याऐवजी आधी आपल्याच पायऱ्या वाचाव्यात, एवढा वेळही त्याच तासात राखून ठेवावा.