पायरी एक की दोन?

तृतीयक, द्वितीयक, प्राथमिक: कार्बोकॅटायनच्या स्थैर्याचा हा क्रम बी.एस्सी.ची मुले झोपेतून उठवले तरी सांगतात. निओपेंटिल ब्रोमाइडचे सॉल्व्होलिसिस मात्र फळ्यावर मांडायला सांगा. बहुतेक जण आधी ब्रोमाइड काढतील, प्राथमिक कॅटायन दाखवतील, मग मिथाइल सरकवतील. चूक त्यांची नाही, आपणच तसे शिकवतो. मोकळा प्राथमिक अल्किल कॅटायन द्रावणात तग धरत नाही. ब्रोमाइड सुटत असतानाच मिथाइल सरकतो. बाण दोन, पायरी एक.

हे ठरवायचे कशावरून? देव्हाऱ्यातल्या कापरावरून सुरुवात करता येईल. टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून कँफीन, त्यापासून आयसोबॉर्निल अ‍ॅसिटेट, मग आयसोबॉर्निऑल आणि कापूर, हा कारखान्यातला मार्ग आपल्या परिचयाचा आहे. 1922 मध्ये हान्स मीरवाइन यांनी कँफीन हायड्रोक्लोराइडचे आयसोबॉर्निल क्लोराइडमध्ये होणारे रूपांतर तपासले. द्रावक जितका ध्रुवीय, तितका वेग जास्त. एवढ्यावरून त्यांनी मधल्या आयनाचे अनुमान काढले. अभ्यासक्रमात त्यांचे नाव आहे, हा युक्तिवाद नाही.

पुढचा वाद तर नाटकच आहे. 1949 मध्ये विन्स्टाइन आणि ट्रायफन यांनी दाखवले, की अ‍ॅसिटिक आम्लात एक्झो-नॉरबॉर्निल ब्रोसिलेट एंडोच्या सुमारे 350 पट वेगाने विक्रिया करते आणि उत्पादन रेसेमिक मिळते. विन्स्टाइन यांच्या मते सिग्मा बंध मदतीला येतो आणि धनभार वाटला जातो. हर्बर्ट ब्राउन यांना हे पटले नाही: एक्झो वेगवान नाहीच, एंडो अवकाशीय अडथळ्यामुळे मंद आहे, आणि आयन म्हणाल तर झपाट्याने अदलाबदल होणारे दोन साधे कॅटायन. जॉर्ज ओलाह यांनी अतिआम्लात, शून्याखाली 150 अंशांहून थंड तापमानाला, एनएमआर घेऊन विन्स्टाइन यांची बाजू बळकट केली. स्फटिकरचना यायला मात्र 2013 उजाडले. मोजमाप 40 केल्विनला झाले आणि आयन विन्स्टाइन यांनी म्हटला तसाच निघाला. ते पाहायला विन्स्टाइन नव्हते, ब्राउनही नव्हते.

अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या वाचकांना म्हणून एक विनंती. ‘सर्वांत स्थिर कार्बोकॅटायन ओळखा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवा. त्याऐवजी वेगाचे आकडे आणि उत्पादनाची रेसेमिकता द्या, आणि ब्राउन यांची बाजू मांडायला सांगा. मग विचारा, ती कोंडी कोणत्या प्रयोगाने सुटेल? (तपासणाऱ्याचा वेळ जास्त जाईल, हे मान्य.) पाच गुण पुरेत.