पिल्लू वाघरीत वाढू द्या

कळप राखायला कुत्रा कांगल जातीचा घ्यावा की कॉकेशियन, असं विचारणारे फोन हल्ली आमच्याकडे नेहमी येतात. किंमत, उंची, वजन, किती तापट आहे, हे सगळं विचारून झालेलं असतं. पिल्लानं पहिले तीन महिने कुठं काढले, एवढंच विचारायचं राहिलेलं असतं. राखणीचा कुत्रा होणार की नाही, ते मात्र तिथंच ठरतं.

तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या अंगाच्या वासात वाढतं, त्यांना ते आपलं मानतं. तुर्कस्तानात सिवासकडचा कांगल असाच मेंढरांत वाढवतात. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मानेलाच धरतो. पण तो पट्टा चढण्याआधी पिल्लू कळपात मुरलेलं असतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्यानं १९७० च्या दशकात अमेरिकेत या कुत्र्यांचा अभ्यास सुरू केला. मेंढराला इजा न करणं, त्याच्या जवळ राहणं आणि संकट आलं की आडवं येणं, हे तीन गुण त्यांनी महत्त्वाचे मानले. तापटपणा त्यात नाही. नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना चित्त्यापासून शेळ्या राखायला ॲनाटोलियन शेफर्डची पिल्लं दिली जातात. तिथंही कुत्र्याला बहुतेक वेळा झुंजावं लागत नाही. तो भुंकत मध्ये उभा राहतो आणि चित्ता वाट बदलतो.

मी स्वतः हे चूक करून शिकलो. माझं पहिलं पिल्लू ओट्याला बांधून वाढवलं. पोरांनी लाड केले, दूध-भाकरी घातली. आठव्या महिन्यात वाड्यावर नेलं, तर रात्री ते घराकडं पळून यायचं आणि दिवसा कोकरांमागं धावायचं. एका संध्याकाळी त्यानं एका कोकराचा कान चघळून रक्तबंबाळ केला. दोष त्याचा नव्हता, त्याला मेंढरं कुणी दाखवलीच नव्हती. दुसरं पिल्लू मी आठव्या आठवड्यात वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, सोडलं. थंडीत ते डालग्याला चिकटून, आतल्या कोकरांच्या उबेला निजायचं. भाकरी तिथंच, पाणी तिथंच. एका म्हाताऱ्या मेंढीनं त्याला दोनदा अशी धडक दिली की ते कोलमडलं, आणि त्यानंतर मेंढीच्या तोंडासमोर कसं उभं राहायचं हे मला शिकवावं लागलं नाही. मी शिकवलं ते इतकंच: हाक मारली की येणं आणि डॉक्टरांना अंगाला हात लावू देणं.

दहाव्या महिन्यात तेही कोकरांमागं धावलं. हे वय तसंच असतं. अशा वेळी काठी उचलू नका. दरडावून थांबवा, काही दिवस फक्त मोठ्या मेंढ्यांत ठेवा. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या एकट्याच्या भरवशावर कळप सोडू नका. इथंच अनेकांचा धीर सुटतो, कुत्रा साखळीला जातो आणि मग येईल-जाईल त्याच्या अंगावर धावू लागतो.

जातीचं म्हणाल, तर दाट केसांचा कॉकेशियन सोलापूरच्या उन्हाळ्यात आणणं म्हणजे त्याचे हाल करणं. अमेरिकेतल्या नवाहो मेंढपाळांकडं मिश्र जातीची कुत्री हेच काम चोख करतात. आपल्या धनगरवाड्यावरच्या कुत्रीचं पिल्लूही नीट वाढवलं तर करेल.

एक सवय मात्र आजच मोडा. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यापुढं टाकू नका. मेंदूत पाण्याचा फोड असेल तर त्यात जंताच्या अळ्या असतात. कुत्र्याच्या पोटात त्यांचे जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि पुढची मेंढी गरगर फिरून मरते. डोकं खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळच्या वेळी जंताचं औषध द्या आणि रेबीजची लस दरवर्षी टोचा. आपल्या माळावरच्या लांडग्यालाही आपल्याच कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर लागू शकतो, आणि पिसाळलेला लांडगा वाड्यात शिरला तर काय होतं ते जुन्या मेंढक्यांना विचारा.

पिल्लू बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याच्या अंगणात थांबू नका, आई कळपात असेल तिथं जा. रवंथ करणाऱ्या मेंढ्यांमध्ये ती निवांत पडलेली असेल, आणि तुम्ही वाघरीजवळ जाताच उठून मेंढरांच्या आणि तुमच्या मध्ये येऊन उभी राहिली, तर तिचं पिल्लू घ्या.