माळ कुणी दिला?

अमेरिकेचे नाव घेऊन मराठी माणसाला बोल लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. स्नेहसंमेलनाचा पाहुणा असो, उद्योजकता शिबिरातला वक्ता असो की दिवाळी अंकातला लेखक, मांडणी ठरलेली असते. यादवी युद्धानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत तिथला साधा माणूस गाडीत संसार घालून पश्चिमेला निघाला. त्याने ओसाड माळ नांगरला, रूळ टाकले, पोलादाच्या भट्ट्या पेटवल्या आणि सरकारच्या तोंडाकडे कधी पाहिले नाही. त्याच काळात आपला घाटावरचा कुणबी काय करत होता? तुकड्याला चिकटून बसला, सावकाराच्या ओट्यावर खेटे घालत राहिला, फार तर मुंबई गाठून गिरणीत नोकरीला लागला. म्हणजे त्यांच्यात धमक होती, आपल्यात नव्हती. हा पूर्वपक्ष इतका अंगवळणी पडला आहे की कराड-मलकापुरात महामार्गाकडेच्या टपरीवरही तो ऐकू येतो, आणि ऐकवणाऱ्याचे आजोबा-पणजोबा त्याच कुणब्यांपैकी असतात. माझ्या मते हा पूर्वपक्ष अमेरिकेबद्दलही खोटा आहे आणि आपल्याबद्दलही.

आधी अमेरिका पाहू. १८६२ साली, युद्ध ऐन भरात असताना, वॉशिंग्टनच्या सरकारने ओळीने तीन कायदे केले. होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला नाममात्र फी घेऊन १६० एकर जमीन देऊ केली. पॅसिफिक रेल्वे कायद्याने रूळ टाकणाऱ्या कंपन्यांना जमीन आणि सरकारी रोखे दिले. मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी राज्यांना जमीन दिली. पुढच्या काही दशकांत रेल्वे कंपन्यांच्या पदरात केंद्र सरकारकडून सुमारे तेरा कोटी एकर जमीन पडली. होमस्टेडखाली वाटलेली जमीन अखेरीस सत्तावीस कोटी एकरांच्या घरात गेली. कारखान्यांभोवती जकातीची भिंत होती ती वेगळीच. १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने ती सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपास नेली. सरकारच्या तोंडाकडे न पाहणाऱ्यांची ही कथा असेल, तर पाहणारे कसे असतात हे मला कुणीतरी सांगावे. आणि तो माळ ओसाड तरी कुठे होता? तिथे लकोटा होते, शायान होते, त्यांची शिकारीची राने होती. करार झाले, मोडले, फौज आली. १८८७ च्या डॉज कायद्याने आदिवासींची सामायिक जमीन तुकडे करून वाटायला घेतली. तेव्हा त्यांच्याकडे असलेल्या सुमारे १३ कोटी ८० लाख एकरांपैकी १९३४ पर्यंत जेमतेम ४ कोटी ८० लाख उरले. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नीला गोळीबार झाला. त्याच वर्षीच्या जनगणनेच्या आधारावर सरहद्द संपल्याचे जाहीर झाले आणि फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये तीच सरहद्द अमेरिकन स्वभावाची घडण म्हणून मांडली. स्वभावाचा हा सिद्धांत तिथल्याच अभ्यासकांनी पुढे बराच खिळखिळा केला. आपल्या व्यासपीठांवर मात्र तो अजून नवाकोरा आहे.

दुसरा प्रश्न हातांचा. डोंगर फोडून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा मार्ग काढणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. १८६७ च्या जूनमध्ये त्यांनी गोऱ्या मजुरांइतका पगार मागून काम थांबवले, तेव्हा कंपनीने त्यांची रसद तोडली आणि आठवडाभरात संप मोडला. १८६९ च्या मेमध्ये प्रॉमॉन्टरीला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध छायाचित्रात चिनी चेहरा शोधावा लागतो. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाचे दारच बंद झाले. दक्षिणेतल्या मुक्त गुलामांना १८६५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत चाळीस-चाळीस एकर देऊ केले होते; अध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी ते काढून घेतले. कारखान्यांतही तेच. १८८६ मध्ये शिकागोच्या हेमार्केटात आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले, १८९४ च्या पुलमन संपावर केंद्राची फौज घातली. १८९२ मध्ये कार्नेगीच्या ज्या पोलाद कारखान्यात मजूर आणि भाडोत्री पहारेकरी यांच्यात बंदुका चालल्या, त्या गावाचे नाव होमस्टेड. नावातला हा विनोद कुणी मुद्दाम केला नव्हता.

आता घाटावरच्या माणसाकडे येऊ. त्याचेही पश्चिमेला जाणे झालेच की. सातारा जिल्हा तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग पोटात घेऊन होता. वाळवा, तासगाव, खानापूर, कराड, पाटण इथले तरुण घाट उतरून मुंबईला गेले. तिकडे त्यांना १६० एकर मिळाले नाहीत, मिळाला चाळीच्या खोलीत वळकटीपुरता कोपरा आणि वर ‘घाटी’ हे नाव. ते का गेले, याचे उत्तरही अमेरिकेशी जोडलेले आहे. १८६१ ते १८६५ च्या युद्धाने लँकेशायरचा अमेरिकन कापूस तुटला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली, कर्ज वाढले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण सारा मात्र तेजीच्या दिवसांकडे पाहून वाढवला गेला. १८७५ च्या मेमध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांचे दस्तऐवज जळाले ते या चिमट्यातून. सरकारने १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. या कायद्याने कर्जाची झळ थोडी कमी केली, पण हातात भांडवल दिले नाही, विहीर दिली नाही, कारखाना दिला नाही. कुणब्याला जमीन सोडता येईना आणि जमिनीवर पोटही भरेना, म्हणून त्याने एक पाय गावात ठेवून दुसरा गिरणीत टाकला. मुंबईच्या गिरण्या शतकाअखेर ऐंशीच्या घरात गेल्या, कामगार सत्तर हजारांवर. ही वस्ती उभी करणाऱ्याला धाडस नव्हते असे म्हणणाऱ्याने एकदा त्या काळचा गिरणीतला दिवस मोजावा: उजाडताना आत, मावळताना बाहेर, आणि आठवड्याची सुटी नाही. ती सुटी मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा आणि अर्ज करावे लागले. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. शिकागोत आठ तासांची मागणी होऊन तेव्हा चार वर्षे लोटली होती.

इथे एक जाणकार आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. इंग्रज सरकारनेही रेल्वेला मदत केलीच ना? भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली, तीही रयतेच्या करातून. मग इथे पिट्सबर्गसारखे पोलादाचे शहर का झाले नाही? आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. मदत झाली, पण नफा लंडनच्या भागधारकाला गेला, इंजिने आणि रूळ विलायतेहून आले, भाड्याचे दर बंदरापर्यंत कच्चा माल नेण्याच्या हिशेबाने बसले. अमेरिकेत रुळांची मागणी तिथल्याच पोलादाला मिळाली. आपल्या कापडावर तर १८९६ मध्ये लँकेशायरच्या आग्रहावरून साडेतीन टक्के अबकारी कर बसला आणि तो पुढे तीस वर्षांच्या आसपास टिकला. एका देशाने आपल्या गिरणीभोवती भिंत बांधली. दुसऱ्या देशावर राज्य करणाऱ्यांनी त्याच्याच गिरणीवर कर बसवला. स्वभावाची तुलना करायची असेल तर आधी या दोन सरकारांची करा.

आणि सरकारचा हात वळला की काय होते, हे पाहायला आपल्याला पिट्सबर्गला जायची गरज नाही. मलकापुरातून कराड स्टेशन गाठून मिरजेकडची गाडी धरली की झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत आणि नांगर घडवत होते, तेव्हा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी त्यांना जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. पहाऱ्याला ठेवलेल्यांत तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यासारखी शिक्षा भोगून आलेली माणसे होती. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणारा शेतकरी हळूहळू तोच नांगर मागू लागला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराड स्टेशनलगत काच कारखाना काढला. तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला आणि वस्तीचे नाव ओगलेवाडी पडले. जिल्हा तोच, माणसे तीच, माळही तसाच मुरमाड. १८९० मध्ये या मातीत नसलेली धमक १९१० मध्ये अचानक कुठून उगवली? धमक आधीही होती. जमीन, उसनवार भांडवल आणि रेल्वेची सोय ही तिन्ही एका ठिकाणी आधी आली नव्हती. औंध हे नकाशावर हाताच्या बोटांनी झाकून जाईल एवढे संस्थान. त्याला जे जमले ते मुंबई इलाख्याला जमले नसते, असे कुणी म्हणू नये.

यावर उत्तर ठरलेले असते: असे माळ पुष्कळांना मिळाले असते, पण लक्ष्मणराव एकच होते. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व मी कमी लेखत नाही. लोखंड मिळेना तेव्हा, शेतकरी हसत होता तेव्हा ते टिकून राहिले, हे खरेच. पण बेळगावातही लक्ष्मणराव तेच होते, आणि तिथे त्यांना गाशा गुंडाळावा लागला. कर्तृत्व तेवढेच असताना एका गावात जागा जाते आणि दुसऱ्यात कारखाना उभा राहतो, तेव्हा फरक गावाच्या कारभारात शोधायचा असतो. हे ओळखणारे एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे होते. साताऱ्याच्याच कटगुणाशी नाते सांगणारे जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, बांधकामाचा व्यवहार त्यांना ठाऊक होता. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. पण १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारकडे मागितले ते बंधारे, पाणी आणि शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण. अमेरिकेचे कौतुक करताना शेतकऱ्याला आळशी ठरवायची गरज त्यांना पडली नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि जास्त बोचरा. सरकारी मदतीने स्वातंत्र्यानंतर काय झाले ते पाहा, असे लोक म्हणतात: परवाने, कर्जमाफ्या, औद्योगिक वसाहतींतले रिकामे भूखंड, थकलेले कारखाने. हे नाकारता येत नाही. अमेरिकेतही रेल्वेच्या जमिनींवर सट्टा झाला आणि क्रेडिट मोबिलिए या रेल्वे बांधकाम कंपनीच्या प्रकरणात काँग्रेसच्या सभासदांनी समभाग स्वीकारल्याचे १८७२ मध्ये उघड झाले. म्हणून होमस्टेडची अट मला महत्त्वाची वाटते: पाच वर्षे राहा, कसा, मग जमीन तुमची. अट असलेली मदत आणि अट नसलेली मदत हा भेद धरला की पुष्कळ वाद मिटतात. मलकापुरात चोवीस तास मीटरने पाणी मिळते, ते राज्याच्या जीवन प्राधिकरणाच्या योजनेमुळे आणि लोकांनी मीटर लावून बिल भरायचे मान्य केल्यामुळे. सरकारचे नळ आणि लोकांचे बिल, दोन्ही होते म्हणून ती योजना नावाजली गेली.

पण मदतीची अट फक्त मालकावर घालून हिशेब पुरा होत नाही, आणि इथे माझे मंडन खरे सुरू होते. माळ समाजाने दिला असेल, तर त्या माळावर राबणाऱ्याचा वाटा हा उपकार राहत नाही, तो हक्क होतो. कृष्णा-कोयनेच्या काठचे सहकारी साखर कारखाने सरकारी भागभांडवलावर आणि कर्जहमीवर उभे राहिले. पाणी धरणांचे, धरणे सरकारची. सभासद शेतकऱ्याला त्यातून वर येता आले, ही महाराष्ट्राने केलेली मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण दर हंगामात बीड-नगरकडून पश्चिमेला येणारी एक वाट आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल, टनावर मजुरी, फडाशेजारी पाचटाची खोपी, मुलांची शाळा सुटलेली. शिकागोचा संप आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, सेंट्रल पॅसिफिकचे चिनी मजूर माहितीपटात पाहतो, आणि फडातल्या कोयत्याला ‘त्यांची सवयच आहे’ म्हणून पुढे जातो. घाट्याला गिरणगावात नेमके हेच ऐकावे लागले होते: याचा जीव गावात, हा खरा कामगार नव्हे, सुगी आली की पळणारच. गावात अर्धी भाकरी शिल्लक होती म्हणून तो संपात महिनोन्‌महिने टिकला, हे मालकांना उशिरा कळले. कोयत्याकडे ती अर्धी भाकरीही नसते. उचल फिटेपर्यंत त्याचे हात बांधलेले.

कुणी म्हणेल, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. आहे, आणि असावे. पण महामंडळ राज्याचे, ऊस कारखान्याचा आणि कारखाना सभासदांचा. तेव्हा पहिला जाब सभासदांनीच विचारला पाहिजे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाणाऱ्या कराड, वाळवा, पलूसच्या सभासदांना माझे सांगणे एवढेच आहे: अहवालात उसाचा दर, उतारा आणि आसवनीचा नफा यांची पाने चाळून झाली की तोडणी-वाहतुकीचा खर्च लिहिलेले पान उघडा, आणि त्यातले कोयत्याच्या घरापर्यंत किती पोचले, मुलांच्या शाळेवर आणि बायांच्या दवाखान्यावर किती गेले, हे अध्यक्षांना उभे राहून विचारा.