चाळिशी आणि हातभर अंतर

संगणकासमोर तासन्‌तास बसल्यावर डोळे चुरचुरतात, जड होतात, कपाळ दुखते आणि अक्षरे मधूनच पुसट होतात. या त्रासामागे मुख्यतः तीन गोष्टी असतात: डोळ्यांचा कोरडेपणा, जवळ पाहण्याचा ताण आणि चुकीचा चष्मा.

एरवी पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. स्क्रीनवर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि पुष्कळदा पापणी पुरती मिटतही नाही. बुबुळावरचा अश्रूंचा थर पापणीच्या उघडझापीनेच नव्याने पसरतो. ती कमी झाली की तो सुकतो. म्हणून अधूनमधून पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात, पंख्याचा वा एसीचा झोत तोंडावर घेऊ नये. स्क्रीन नजरेच्या रेषेपेक्षा थोडी खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि उशिरा कोरडा पडतो.

जवळचे पाहताना डोळ्यातला स्नायू आवळून भिंगाचा फुगवटा वाढवतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा सल्ला यासाठीच दिला जातो. समोरच्या इमारतीची गच्चीही त्याला पुरते.

चाळिशीनंतर मात्र नुसती विश्रांती पुरत नाही. वयाबरोबर भिंग कडक होते आणि फुगेनासे होते. मराठीने या वयालाच चष्म्याचे नाव करून टाकले आहे. पण ही चाळिशी पोथी आणि वर्तमानपत्रासाठी, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरसाठी असते. संगणक असतो हातभर दूर, सुमारे ६० सेंटिमीटरवर. जवळ पाहण्याची स्वतःची ताकद संपलेल्या डोळ्याला पुस्तकासाठी अडीचचा जवळचा नंबर लागतो. स्क्रीनसाठी पावणेदोनच्या आसपासचा पुरतो. वाचनाचा चष्मा लावून स्क्रीन पाहणारा माणूस अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून नकळत पुढे वाकतो आणि त्याची पाठ धरते.

दूर आणि जवळ असे दोन्ही नंबर असलेल्या चष्म्यात उलटे घडते. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, स्क्रीन मात्र समोर असते. मग हनुवटी वर करून पाहावे लागते आणि दिवस मावळेपर्यंत मान अवघडते. दोष डोळ्यांना दिला जातो, पण खरी चूक अंतराची असते. कामाच्या मेजावर डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि तपासणीच्या वेळी तो आकडा सांगावा. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेता येतो.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचा आग्रह दुकानात होतो. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला; डोळ्यांचा ताण अशा काचांनी, निदान अल्पकाळात तरी, कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. त्या पैशांत नंबर नीट तपासून घ्यावा.

कोरडेपणा राहिला तर कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयोगी पडतात. स्टेरॉइडचे थेंब मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घालू नयेत. त्या थेंबांनी काचबिंदू होऊ शकतो. तीव्र वेदना, एकाचे दोन दिसणे किंवा नजर अचानक मंदावणे हा संगणकाचा थकवा समजू नये. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.