मुसल्ल्यावरचा डाग

गेल्या वर्षी आमच्या घरी निकाह होता. पंधरा दिवस पाहुण्यांची ये-जा चालली होती. बाहेरच्या खोलीतला दिवाण भिंतीकडे सरकवला आणि त्याच्याखाली बॅगा कोंबल्या. मुलांची धावपळ, ढोलकी, रात्री उशिरापर्यंत गप्पा. अल्हमदुलिल्लाह, कार्य छान पार पडलं. पाहुणे गेले आणि तिसऱ्या दिवशी फजरच्या वेळी आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे घरातल्या सर्वांच्या दादींच्या मुसल्ल्यावर ओला डाग दिसला. आमच्या शेरूने, चार वर्षांच्या बोक्याने, तिथे लघवी केली होती.

पहिल्या दिवशी आम्ही मुसल्ला धुतला. दुसऱ्या दिवशी शेरूला रागावलो. तिसऱ्या दिवशी त्याला पाठीवर एक चापट बसली आणि घरात बैठक झाली. मांजरीचं उष्टं नापाक नाही हे आपण सगळे जाणतो, पण लघवी नापाकच. मग घरात नमाज पढायची कुठे? दादी म्हणाल्या, "मासळीबाजारात सोडून या, तिथे पोट भरेल त्याचं." खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्हालाही ते पटलं होतं.

पिशवी काढली तेव्हा धाकट्या मुलाचं लक्ष गेलं. शेरू त्याच्या तसराळ्यात पुन्हा पुन्हा बसत होता, जोर करत होता आणि दोन थेंब पडले की उठत होता. पिशवी तीच राहिली, फक्त बाजाराऐवजी आम्ही पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली आणि औषधाआधी एकच प्रश्न विचारला, "गेल्या महिन्यात घरात काय बदललं?" जंतू नव्हते, खडेही नव्हते. मनावरच्या ताणाने मूत्राशयाला सूज आली होती. लघवी करताना दुखत होतं, म्हणून तसराळ्याची त्याला भीती बसली होती आणि तो मऊ जागा शोधत होता. ते पुढे म्हणाले की बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून बोका जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

आम्ही ज्याला खोडी समजत होतो, ते दुखणं होतं. मांजर सूड म्हणून घाण करत नाही.

घरी आल्यावर आम्ही शेरूच्या नजरेने घर पाहिलं. दिवाणाखालची त्याची लपायची जागा गेली होती. तसराळं कपडे धुण्याच्या मशीनजवळ सरकवलं होतं, मशीन धडधडलं की तो पळायचा. चादरी, पडदे, गाद्यांचे अभ्रे एकाच दिवशी धुवायला काढले होते. मांजर गाल घासून वस्तूंवर आपला वास ठेवते. त्या वासावरून तिला घर आपलं वाटतं. आम्ही सारं घरच तिच्या दृष्टीने परकं करून टाकलं होतं.

ताणाखालचं मांजर आरडाओरडा करत नाही, गप्प होतं. लपून बसतं, खाणं कमी करतं, अंगाचा एकच भाग चाटून चाटून केस घालवतं. कान मागे दाबलेले, बाहुल्या मोठ्या, शेपटी अंगाशी. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर परिणाम होतो, तेव्हा थांबू नये. घुरघुर म्हणजे आनंदच असंही नाही, वेदनेतही मांजर घुरघुरते. पोट वर करून लोळली तर तो विश्वास आहे, पोट चोळायचं आमंत्रण नव्हे. मुलांना हे जरूर सांगावं, निम्मे ओरखडे वाचतील.

समाधानी मांजर शेपटी उभी करून सामोरी येते, पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करते, आपल्याकडे बघून डोळे हळूच मिटते. 2020 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की माणसाने असेच सावकाश डोळे मिटले तर मांजरही तसंच उत्तर देते आणि जवळ यायला अधिक तयार होते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या 2014 सालच्या अभ्यासात निवारागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं, ती इतरांपेक्षा लवकर सावरली. रिकाम्या खोक्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही एवढंच केलं: दिवाणाखाली खोकं, कपाटावर बसायला जागा, तसराळं शांत कोपऱ्यात आणि खाण्यापासून लांब. मांजरं जितकी, त्याहून एक तसराळं जास्त असावं, म्हणून दुसरंही ठेवलं. जमीन पुसायला फिनेल बंद केलं, ते मांजरीला घातक ठरू शकतं. औषध आणि ही व्यवस्था, दोन्ही मिळून तीन आठवड्यांत शेरू सावरला. मुसल्ला मात्र आता नमाजनंतर घडी करून कपाटात जातो. तेवढी शिस्त आम्हालाही लागली.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे, लहानपणापासून ऐकलेली. तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन पोट भरायलाही सोडलं नाही. फ्लॅटचं दार लावून मांजर पाळणाऱ्यांनी त्यातला दुसरा भाग पुन्हा वाचावा. जिचं खाणं, पाणी, झोप, लपणं सारं आपल्या हाती, ती आपल्याकडे अमानत आहे. वाटीत मासळी टाकली की अमानतीचा हिशेब पुरा होत नाही.

त्यानंतर आमच्याकडे दादींनीच एक गोष्ट सांगितली. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी सुनेने वुजूचं पाणी ठेवलं होतं. मांजर आली, तेव्हा तिला नीट पिता यावं म्हणून त्यांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं. गोष्ट संपवून दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि मी मासळीबाजार म्हणाले."

पुढच्या महिन्यात ईदला पाहुणे येणार आहेत. बॅगा कुठे ठेवायच्या ते आधीच ठरलंय, दिवाणाखाली नाही.